थुंकणारा पाहुणा

तोंडात घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, गालातल्या गालात खळखळ करायची आणि माझ्या डोळ्यांदेखत बादलीत पचकन थुंकायचं. वर तोंड पुसून म्हणायचं, "अजून थोडं थांबू, काका."

कशासाठी थांबू? माझं वय काय थांबलंय?

पाचोडच्या अलीकडं आमची द्राक्षबाग आहे. मुलगा बाग बघतो. सून नाशिकला वाइनचं शिकून आली, आणि जिथं गोठा होता तिथं आम्ही टाक्या बसवल्या. माल घरचा, माणसं घरची. गावातले लोक दारूच म्हणतात, म्हणू द्या. माझी शाळा चौथीत संपली, पण द्राक्षातलं मला कुणी शिकवायचं नाय. आणि हा मुकुंदवाडीचा माणूस स्कूटरवर यायचा आणि माझ्या मालावर थुंकायचा.

पहिल्या वेळी मी काठीच उचलली होती. सून मधे पडली. "मामा, चव घेणारे थुंकतातच. तशी रीत असते."

"असली कसली रीत? उद्या जेवायला बोलावलं तर ताटात थुंकंल."

तो मात्र शांत. "काका, स्कूटर चालवत परत जायचंय. हरेक ठिकाणी गिळत बसलो तर घरी कोण पोचवंल?"

शेंद्र्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्याला हा नाद लागला होता. गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि लहान लहान घरगुती वाइनऱ्या हुडकत फिरायचं. नाशिककडं गेला, सांगलीकडं गेला. तिथले फोटो छापून आणायचा आणि माझ्या बाजेवर पत्त्यांसारखे मांडायचा. तुम्ही पण अशी माणसं बघितली असतील, एकाच्या दारात बसून दुसऱ्याचं कौतुक सांगणारी. हरेक फोटोत कुणी म्हातारा नायतर म्हातारी, आपल्या घरची बाटली छातीशी धरून उभी. त्याचा नियमच होता. वाइन आवडली तरच घरातल्या थोरल्या माणसाला बाटली घेऊन उभं करायचं. नाय आवडली तर इकडचं तिकडचं टिपायचं.

माझ्याकडं त्यानं काय काय टिपलं सांगू? आमचं कुत्रं. पाण्याचा पाइप. दारातल्या चपला. एकदा मांजर टाकीवर जाऊन बसलं, तर हा गडी त्याच्यासाठी जमिनीवर पालथा पडला. मी धुतलेली टोपी घालून, मिशीवर हात फिरवत शेजारीच उभा. मला म्हणतो, "काका, जरा सरका. तुमची सावली पडती."

सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

मी काय फोटोसाठी हपापलो नव्हतो. पण हंगाम संपला की हा येणार हे ठाऊक असायचं, आणि टोपी धुतली जायची. एकदा तोंडावरच विचारलं, "माझ्या वाइनीत खोट काय आहे?"

"खोट नाय. तुमच्यासारखीच आहे, ताठ."

"मग?"

"अजून थोडं थांबू."

शेवटचा आला तेव्हा पार वाळला होता. जिना चढून आल्यासारखा बोलत होता. त्याचं थुंकणं बघायचं मी कधीच सोडून दिलं होतं. ग्लास हातात दिला, बादली पायाशी ठेवली आणि पाठ फिरवली. या वेळी तो 'थांबू' म्हणाला नाय, ग्लास ठेवून कडुलिंबाखाली जाऊन बसला. पाणी मागितलं. थोड्या वेळानं परत मागितलं. दुपार सरत आली तरी हलायचं नाव नाय.

म्हटलं, "फोटो काढायचा तर काढा, नायतर निघा. ढग यायलेत."

"ऊन कलू द्या, काका. दुपारचं ऊन चेहऱ्याला चांगलं नसतं."

"कुणाच्या? कुत्र्याच्या?"

तो हसला. हसता हसता खोकला. तेवढ्यात ढगांनी ऊन गिळलं. तो उठला, वर बघितलं, कॅमेरा पिशवीत घातला. "उजेड गेला. पुढच्या खेपेला काढू."

माझं डोकंच फिरलं. "पुढच्या खेपेला कुत्र्याला आंघोळ घालून ठेवतो," म्हटलं. त्याला सोडायला फाटकापर्यंत पण गेलो नाय. स्कूटरचा आवाज लांब जाईपर्यंत बाजेवरून उठलोच नाय.

मग बादली ओतायला गेलो. बादली कोरडी होती. शेजारी ग्लास, तो पण रिकामा. म्हणून बसला होता लिंबाखाली पाणी पीत, उतरायची वाट बघत.

सुनेला हाक मारली. तिनं बादलीत बघितलं, मग माझ्याकडं. "मामा, गिळली त्यांनी."

"दिसतंय मला. तोंडानं सांगायला काय झालं होतं त्याला?"

ती पुढची खेप आलीच नाय. त्याच्या मुलाचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

आता शहरातून पोरंपोरी येतात. कुणी थुंकत नाय. सगळे गिळतात, सगळे लई भारी म्हणतात. परवा एका पोरीनं मोबाइल वर धरला. "आजोबा, बाटली घेऊन उभे राहा ना." टोपी धुतलेलीच होती. ऊन पण कललं होतं, अंगणभर पिवळं पसरलं होतं.

म्हटलं, "आज उजेड नाय, बाई. पुढच्या खेपेला बघू."