सातवे रीळ

दोंडाईच्याच्या तंबूतल्या सिनेमात मशीन एकच होते. रीळ संपले की पडदा पांढरा पडे, लोक विड्या पेटवीत आणि ऑपरेटर वना पुढचे रीळ चढवी. ही नोकरी त्याला भिकनने मिळवून दिली होती. तंबूचा मालक भिकनला वचकून असे.

दारूबंदी लागल्यापासून भिकन मोहाची दारू गाळून विकत असे. रिळांच्या रिकाम्या डब्यांतून ती रेल्वेने अमळनेरला पाठवायची युक्ती वनाची. चौपन्न साली स्टेशनवर डबा उघडला गेला. फौजदाराने दारूच्या मालकाचे नाव विचारले. वनाने ते सांगितले आणि संध्याकाळच्या खेळाला तो मशीनवर हजर होता.

भिकनने संशय घेतला तो तिसऱ्या साथीदारावर, सुकदेववर. जामिनावर सुटताच त्याने सुकदेवचा उजवा हात मोडला. सुकदेवला बैलगाडीत घालून हाडवैद्याकडे नेले ते वनानेच. वाटभर सुकदेव शपथा घेत होता. वना एवढेच म्हणाला, "माले काय सांगस?"

सहा महिने धुळ्याच्या तुरुंगात काढून भिकन सुटला आणि आठवडाभर तिथेच देवपूरला बहिणीकडे राहिला. धुळ्यात तेव्हा दरोडेखोरांच्या टोळीचा एक सिनेमा चालू होता. तोच पुढे दोंडाईच्याला आला. सातव्या रिळात टोळीचा उजवा हात पोलिसासमोर बसतो आणि म्होरक्याचे नाव सांगतो. वनाने तो तीन दिवस बिनबोभाट दाखवला.

चौथ्या दिवशी पहिल्या खेळाला भिकन आला आणि पूर्वीसारखा मशीनशेजारी खुर्ची टाकून बसला. वनाने सातवे रीळ पायाने पोत्याखाली सारले. सहाव्यावर आठवे चढवले. म्होरक्याच्या हातात एकदम बेड्याच दिसल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मालकाचा उद्धार केला. भिकनची विडी विझली होती.

खेळ सुटला तेव्हा वना आपणहून म्हणाला, एक रीळ जळाले.

भिकन उठला. "हाऊ सिनेमा मी धुयाले देखेल शे, वना."

वना रीळ उलटे गुंडाळू लागला.

"सुकदेवना हात मी फुकट मोडा. दुसरा खेयमा बठ्ठं दाखाड, ते रीळ बी. मी त्याले लई येस."

तो सुकदेवला आणायला गेला. सुरतेच्या गाडीची शिटी झाली. स्टेशन पाच मिनिटांवर होते. वनाने पोते उचलले, सातवे रीळ फडक्याने पुसले आणि सहाव्याशेजारी ठेवले. मग मशीनजवळ आणखी एक खुर्ची मांडली.