तुती पिकत का नाही?

रविवारी सकाळी आमच्या बाग मंडळाच्या टेबलाशी मी बसतो. लोक घरच्या झाडांची बिघडलेली फळं पिशवीतून आणतात आणि मी काय बिघडलंय ते सांगतो. इतक्या वर्षांत रोग आठ-दहाच निघाले. किस्से मात्र दर रविवारी नवे!

नारायण पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका कुंडीतली तुती घेऊन आल्या. फळं हिरवी असतानाच गळत होती. मातीला कुबट वास.

"बाई, पाणी किती घालता?"

"सकाळी एक तांब्या."

"एवढ्यानं मुळं कुजायची नाहीत."

"संध्याकाळी हे घालतात. किती, ते माहीत नाही."

"मग विचारा की!"

"आम्ही बोलत नाही. कुंडी कुठं ठेवायची, त्यावरून वाजलंय."

खडकीच्या एका रिटायर्ड गृहस्थांची स्ट्रॉबेरी एका बाजूनं फुगलेली, दुसऱ्या बाजूनं चिमलेली. पक्ष्यांच्या भीतीनं त्यांनी फुलं यायच्या आधीच वाफ्यावर मच्छरदाणी टाकली होती.

"अहो, फुलावर मधमाशी आल्याशिवाय फळ नीट भरत नाही. तिला आत सोडा."

"आणि तिच्यामागून बुलबुल शिरला तर? गेटवर थांबणार कोण?"

आयटीतला एक तरुण आला. "सर, माझी ब्लूबेरी फार आंबट होतीये. सॉइलचा पीएच पण चेक केला."

फांदीला काटे, देठातून पांढरा चीक.

"अरे, हे करवंद आहे!"

तो फांदी उलटीसुलटी करून बघत राहिला. मग म्हणाला, "पण प्लँट हेल्दी आहे ना?"

आणि कोथरूडचे आपटे. त्यांच्या तुतीला फळं भरपूर, पण सगळी लालच; काळं, पिकलेलं एकही नाही. खत झालं, फवारणी झाली. चौथ्या वर्षी ते टेकीला आले. "उद्या तोडणारा माणूस येतोय. लेकीसाठी लावली होती हो. तिनं अजून एक फळ चाखलेलं नाही."

मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो. पानं, खोड, मुळं सगळं बघितलं. रोगाचा मागमूस नाही! अख्खं झाड कंपाउंडच्या भिंतीवर झुकलेलं. मी चक्रावून उभा होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचे ऐंशीचे आजोबा डोकावले. हातात वाटी, बोटं जांभळी.

"आपटे, औषध मारता तेव्हा सांगत चला! मला प्रत्येक फळ धुऊन खावं लागतं."