झिजलेल्या कानशी

…तर सुतार दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! हातातली कानस नाचवतच दुकानात शिरला. "अहो थोरले, ही कानस आहे की लोण्याची कांडी? करवतीला धार लावायला गेलो, तर हिचेच दात गेले!"

थोरल्यानं दातांवरून अंगठा फिरवला. ओळ सरळ होती. खोट होती ती पाण्यात. छिन्नीनं दात पाडताना पोलाद मऊ असावं लागतं. मग कानस भट्टीत लाल करून पाण्यात बुडवली, की ते दात कडक होतात. यालाच पाणी देणं म्हणतात. दोघा भावांत दात थोरल्याचे, पाणी धाकट्याचं. लाली कुठवर चढू द्यायची, ते धाकट्याच्याच डोळ्याला कळे.

"तुझं काय बाबा, बुचकळलं की मोकळा!" थोरला चिडवायचा.

"दादा, माझ्या पाण्याशिवाय तुझे दात म्हणजे म्हाताऱ्याची कवळी!"

असा हा धाकटा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. थोरल्यानं मग स्वतः भट्टी पेटवली. निम्म्या कानशी तडकल्या, उरलेल्या ह्या अशा.

सुतार मनाचा चांगला. आवाज उतरवून म्हणाला, "माझा मेव्हणा पाणी छान देतो. पाठवतो त्याला. माझ्या झिजलेल्या जुन्या कानशी पडल्यात ना तुमच्याकडे, त्यांना नवे दात पाडा."

"हो म्हणा," आतून बायको म्हणाली. "भट्टी विझली तर चूल कशावर पेटणार?"

थोरला हो म्हणाला. मेव्हणा आला, भट्टी धडधडली, नव्या कानशी खणखणीत निघू लागल्या. दुकान तगलं. पण जुन्या कानशी काही भट्टीपर्यंत पोचेनात. त्यांतली एकेक घेऊन थोरला धार लावायच्या चाकाशी बसे. जरा घासली की तापू नये म्हणून बादलीत बुडव, पुन्हा घास. अख्ख्या दिवसात लाकूड खरवडायची एक पाती कशीबशी तयार होई.

सुतारानं कपाळाला हात लावला. "मी दात पाडायला दिल्या होत्या हो! आणि पातीच करायची, तर भट्टीत मऊ करून घ्या की. घटकाभराचं काम!"

थोरल्यानं चाक थांबवलं.

"मऊ केली की धाकट्याचं पाणी गेलं, सुतारदादा. ह्यांच्यावरचे माझे दात झिजले, झिजू देत, नव्या कानशींवर मी दुसरे पाडीन. पण त्यानं दिलेलं पाणी आता एवढ्यातच उरलंय. तुम्ही पातीच न्या. उशीर होईल, पण चटका लागू देणार नाही."