बायकोची सही

दिल्लीच्या एका दवाखान्यात मी कौन्सेलर होते. पुरुषांसाठीच्या हार्मोनच्या इंजेक्शनची ट्रायल चालू होती. दर महिन्याला एक सुई टोचली की पाळणा लांबतो, अशी! आणि नियम असा, की फॉर्मवर बायकोचीही सही हवी. त्या सहीपायी इतके किस्से साठलेत की कुठला सांगू अन् कुठला नको असं होतं.

करोल बागेतली एक दुकानदारीण आली. पहिलाच प्रश्न, "गोली तो नहीं है ना?"

म्हटलं, नाही, सुई आहे.

"फिर ठीक है जी! गोली तो ये भूल जाएगा. इसको शादी की सालगिरह याद नहीं रहती!"

आमच्या कॉलनीतल्या कुलकर्णीबाईंचे मिस्टर मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. बाईंनी फॉर्म घरी नेला तो आठ दिवस आणेचनात. शेवटी मीच फोन केला.

"अगं, करते की सही," त्या म्हणाल्या. "लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा ह्यांची फाईल माझ्याकडे अडलीये. राहू दे ना जरा पेंडिंग!"

पुढे सही झाली, सुया सुरू झाल्या आणि कुलकर्णीसाहेब तक्रार घेऊन आले. चेहऱ्यावर पुटकुळ्या, वर चिडचिड. डॉक्टर गंभीरपणे लिहून घेत होते. बाई शेजारी बसून चक्क हसत होत्या!

"हसतेस काय?" साहेब वैतागले.

"काही नाही. गोळ्यांनी मला हेच व्हायचं, तेव्हा तुम्ही म्हणायचात, 'मनावर घेऊ नकोस.'"

साहेबांनी तक्रार मागे घेतली नाही, पण घरी जाताना बाईंची पिशवी त्यांच्या हातात होती.

सुनंदाची मात्र मला खरंच काळजी होती. कॅन्टोन्मेंटमधल्या हवालदार जाधवची बायको, माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. गोळ्यांनी बीपी चढायचं, तांबी मानवली नव्हती. "ताई, आता परत दिवस गेले तर माझ्यानं निभायचं नाही," म्हणून रडली होती. तिची सही झाली, पण जाधव अडून बसला. "आईला विचारल्याशिवाय नाही!"

आई गावाहून आली. नऊवारी, कपाळ मोकळं, चेहरा करडा. म्हटलं, झालं! सुनंदा तर मान वर करेना.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "ह्याला ताप येईल?"

"एखाद्या वेळेस."

"मरायचा न्हाई न्हवं?"

"नाही हो!"

"मग टोचा की! माझी आठ बाळंतपणं झाली, मला कुणी इचारलं न्हाई."

जाधवनं मुकाट्यानं सही केली. सुनंदाच्या डोळ्यांना धार लागली, माझ्याही. मी फॉर्म उचलणार, तोच म्हातारीनं तो ओढला आणि अंगठा पुढे केला.

"आजी, इथं फक्त बायकोची सही लागते."

"मग मी बी कुणाची तरी बायकोच व्हते की! आण ती शाई."