भूरीच्या पायातली दोरी

घरात ऐकून घेणारी माणसं आहेत. नवरा आहे, मुलगी रोज फोन करते, बडोद्यात वासणा भागातल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी आहेत. माझ्या गुडघेदुखीपासून नणंदेच्या कुरबुरींपर्यंत सगळं त्यांना ठाऊक आहे. ही एक गोष्ट मात्र त्यांतल्या कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या भाजीच्या गाडीवर भेटणार नाही — म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल. बघते जमतं का.

आधी मी कोण ते सांगते. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. वर्गात एखाद्याला गाढव म्हटलं नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. आणि निवृत्त झाल्यावर मी खऱ्याखुऱ्या गाढवांच्या सेवेला लागले, तेव्हा आमच्या ह्यांनी थट्टेची संधी सोडली नाही. बडोद्याच्या आसपास वीटभट्ट्या पुष्कळ. तिथे कच्च्या विटा वाहायला अजून गाढवंच असतात. त्यांच्यावर फुकट उपचार करणारी एक छोटी संस्था आहे, तिथे मी जाते. औषधपाणी डॉक्टर हेतलबेन बघतात. बोलणं माझ्याकडे. मालकांना गोळा करायचं, समजवायचं, प्रसंगी दटावायचं — ते मला जन्मभराच्या सवयीनं छान जमतं.

आणि मी सगळ्यात जास्त कशावर बोलायचे, तर डामणावर. काम संपलं की गाढव चरत लांब जाऊ नये म्हणून त्याचे पुढचे दोन पाय दोरीनं एकत्र बांधून टाकतात. त्याला इथे डामण म्हणतात. दोरी बहुतेक नायलॉनची. ती खुराच्या वर कातडीत रुतते, मांसात जाते, कधी हाडाला लागते. आणि गाढव ओरडत नाही हो. दुखलं की ते नुसतं उभं राहतं. मालकाला वाटतं, किती शहाणं आहे. आम्ही भट्ट्यांवरच्या उपचारांच्या कॅम्पमध्ये त्या दोऱ्या सोडवून घ्यायचो आणि बदल्यात कॅनव्हासचा रुंद, मऊ पट्टा द्यायचो, लांब दोरानं खुंट्याला बांधायला. जमा केलेल्या दोऱ्या मी एका गोणपाटाच्या पोत्यात ठेवत असे. पुढच्या भट्टीवर दाखवायला. रक्त वाळलेली एखादी दोरी वर धरून मी विचारायचे, ही तुमच्या पायात बांधू का? बायका हसायच्या, पुरुष खाली बघायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

मनुभाई त्या खाली बघणाऱ्यांपैकीच एक. माझ्याच वयाचे, किडकिडीत, कमी बोलणारे. बापजाद्यांपासून गाढवं पाळणारं घर. त्यांच्याकडे दोन जनावरं होती — करड्या रंगाची भूरी नावाची गाढवीण आणि तिचा जोडीदार काबरो. भूरीच्या पायाला डामणानं खोल जखम झाली होती. निळी दोरी, तिच्या एका टोकाला मनुभाईंच्या बायकोच्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, रुतू नये म्हणून. म्हणजे बिचाऱ्यांनी आपल्या परीनं विचार केला होता. मी तो विचार ऐकूनसुद्धा घेतला नाही. भट्टीवर सगळ्यांसमोर त्यांना झापलं, दोरी पोत्यात टाकली, आणि भूरीला पावसाळाभर आमच्या संस्थेच्या आवारात ठेवून घेतलं. मनुभाई दिवसाआड भेटायला यायचे. फडक्यात बाजरीचा रोटला बांधून आणायचे, तिला भरवायचे, जरा वेळ उभे राहायचे, जायचे.

आमचं आवार विश्वामित्रीच्या काठाला, जरा सखल जागेत आहे. एका बाजूला रस्त्याकडे मातीचा उंचवटा. बडोद्याच्या माणसाला पुढचं सांगायला नको. वर पाऊस झाला, धरणातून पाणी सोडलं, की ही एरवी ओढ्याएवढी वाटणारी नदी शहरात शिरते, आणि तिच्या मगरी लोकांच्या अंगणात येतात. त्या वर्षी पाणी पहाटे आलं. आमचे राखणदार रमणभाई गावाहून उशिरा परतून खोलीत झोपले होते, ते कसेबसे छपरावर चढले. जनावरं मोकळी होती, ती आपणहून उंचवट्यावर गेली. रमणभाईंनी छपरावरून मोजली. भूरी नव्हती.

त्यांचा फोन मला घरी आला. म्हणाले, मगरीनं ओढून नेली असणार. मी मोठ्यानं अरेरे म्हटलं. आणि मनात काय झालं सांगू? मला हुश्श वाटलं. एका जनावराला मगरीनं फाडून खाल्लं असेल, या कल्पनेनं मला — मला बरं वाटलं. आजही हे वाक्य लिहिताना माझा विश्वास बसत नाही, की हे वाटणारी बाई मीच होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. मगरीनं काही नेलं नव्हतं. भूरी कुंपणाच्या तारेला लागून चिखलात आडवी पडली होती. पुढचे दोन पाय एकत्र बांधलेले. हेतलबेन तिथेच चिखलात बसल्या. मी दोरीकडे बघत उभी राहिले — निळी दोरी, टोकाला साडीची चिंधी.

ती दोरी मी बांधली होती.

झालं लिहून. वाटलं होतं, इथवर आले की हात थांबेल.

आदल्या दुपारचं सांगते. त्या संध्याकाळी अलकापुरीतल्या एका हॉलमध्ये माझ्या भाचीचा साखरपुडा होता. रमणभाई गावी गेलेले, त्यामुळे दुपारचं चारापाणी माझ्यावर. मी पैठणी नेसूनच गेले होते, तिथून परस्पर हॉलवर जाता यावं म्हणून. मनुभाई आले, रोटला भरवून गेले. ते गेले की भूरी नेहमीच बेचैन व्हायची. कुंपणाच्या मोडक्या जागेतून निघायची आणि घरच्या रस्त्याला लागायची. तिकडे काबरो होता ना. गाढवं जोडीनं जगतात, जोडीदाराशिवाय त्यांना घास गोड लागत नाही, हे मी कॅम्पमध्ये किती रंगवून सांगते! त्या दिवशी मी तिला एकदा परत आणलं. पुन्हा गेली, पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा माझा पदर बाभळीच्या काट्यात अडकला आणि पैठणीचा जरीकाठ फाटला. मला राग आला. जनावरावर येतो तसा नाही — वर्गातल्या पोरावर यायचा तसा, मुद्दाम करतंय असं वाटून येणारा राग.

लांब दोर होता, कॅनव्हासचा पट्टा होता. पण तो शोधायचा, खुंटा ठोकायचा, हात चिखलात घालायचे. पोतं समोर पडलं होतं. वरच तिची दोरी. मी पदर खोचून खाली बसले आणि तिचे पुढचे पाय बांधले. तिनं एकदा खूर आपटला. मग तिनं तोंड माझ्या खांद्यावर ठेवलं. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. मी म्हटलं, आता जाऊन दाखव. आणि घट्ट दुहेरी गाठ मारली.

रमणभाईंना फोन करून सांगणार होते, आल्यावर सोडा म्हणून. हॉलमध्ये गेले, पाहुणे, फोटो, व्याह्यांची विचारपूस — विसरले. आईस्क्रीम दोनदा घेतलं, ते मात्र लख्ख आठवतं.

इथपर्यंत चूक होती, असं कुणी म्हणेल. पुढचं ऐका.

चिखलात बसलेल्या हेतलबेननी मान वर न करता विचारलं, आदल्या दिवशी इथे कोण कोण आलं होतं? आणि मी म्हटलं, मनुभाई दुपारी येऊन गेले. अक्षर न् अक्षर खरं. मी तेवढंच बोलून थांबले असते, तरी पुरेसं वाईट होतं. पण मी पुढे म्हणाले, किती वेळा सांगितलं या माणसाला. हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं? कुणी विचारलं नव्हतं, कुणी माझ्यावर संशय घेतला नव्हता. कोण घेणार? डामणाविरुद्ध गावोगाव बोलणारी बाई मी. मला माझाच आवाज ऐकू आला आणि धक्का बसला, इतका तो स्वच्छ होता. शाळेतला आवाज. आत काही कापत नव्हतं.

मनुभाईंना बोलावलं. त्यांनी दोरी ओळखली, त्यांच्याच घरची होती. पोत्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, पोतं पाण्याबरोबर गेलं होतं. ते एकदाच म्हणाले, "में नथी बांधी." मी नाही बांधली. मग बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मीही त्यांच्या हातांकडेच बघत होते. त्या वेळात मला बोलता आलं असतं. मी गळ्यातली साखळी चाचपत उभी राहिले. शेवटी तेच हळूच म्हणाले, "बांधी पण होय. हाथने टेव छे." बांधलीही असेल. हाताला सवय आहे.

पुढच्या आठवड्यात ते काबरोला घेऊन आले आणि दावं माझ्या हातात दिलं. म्हणाले, आता मला स्वतःच्या हातांचा भरवसा राहिला नाही, याला तुमच्याकडेच ठेवा. त्यांच्या घरी आता जनावर नाही. ते दुसऱ्यांच्या भट्टीवर विटा रचायला जातात. काबरो अजून आमच्याकडे आहे. बरेच दिवस तो कुंपणाच्या त्या मोडक्या जागेशी जाऊन उभा राहायचा, चाऱ्याला तोंड लावायचा नाही. मीच त्याला हातानं भरवायचे. लोक म्हणायचे, सुधाबेनचा जीव किती आहे जनावरांवर.

आणि मग हेतलबेनना सुचलं, की मनुभाईंनीच कॅम्पमध्ये बोलावं. ते तयार झाले. प्रायश्चित्त म्हणून. तेव्हापासून प्रत्येक भट्टीवर ते उभे राहतात, निळी दोरी वर धरतात आणि सांगतात की मी माझ्या भूरीला मारलं. माझ्या भाषणानं जे होत नव्हतं ते त्यांच्या चार वाक्यांनी होतं. माणसं उठतात आणि आपापल्या जनावरांचे पाय सोडतात. कितीतरी गाढवांचे पाय त्यांच्यामुळे वाचले. त्यांची ओळख करून द्यायला मी उभी राहते. दर वेळी. हे मनुभाई, यांच्याकडून ऐका, असं म्हणते आणि माइक त्यांच्या हातात देते.

इतकी वर्षं ते "माझ्या हातून बांधली गेली असेल" असं म्हणायचे. त्या "असेल"च्या आधारावर मी झोपत होते. माणूस पुरतं मानत नाहीये, तर माझं खोटंही पुरतं झालेलं नाही — अशी काहीतरी समजूत मी घालून घेतली होती.

या हिवाळ्यात, शहराबाहेरच्या एका भट्टीवर, ते बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "मने बराबर याद छे. हुं बांधतो हतो ने एणे मारा खभा पर मोढुं मूक्युं." मला नीट आठवतंय, मी बांधत होतो आणि तिनं माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं.

 हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कधीच नाही. मग लक्षात आलं, ती त्यांची गाढवीण होती. पायाशी बसलं की ती तसंच करायची, त्यांच्याशी आयुष्यभर केलं असेल. त्यांनी ती दुपार स्वतःच्या मनात जुळवून घेतली होती, माझी दुपार, आणि आता ती त्यांना आठवत होती. न केलेली गोष्ट त्या माणसाला आठवते आहे. हे मी केलं. मेलेल्या भूरीपेक्षा मला याचा धक्का जास्त बसला, आणि तो अजून ओसरलेला नाही. तरीही मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

परतताना गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. एरवी ते पुढे बसतात. रस्ता खराब होता, दोरी त्यांच्या मांडीवर गुंडाळून ठेवलेली. सयाजीगंजचा सिग्नल लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. म्हणाले, "बेन, तमे तो ना पाडी हती. में मान्युं नहीं. मने माफ करजो." तुम्ही तर नको म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही, मला माफ करा.

आणि मी माफ केलं. त्यांच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवून म्हटलं, "जवा दो मनुभाई. मारा मनमां कंई नथी."