तळ्यातला बरोबरीचा डाव

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी निलंग्याहून लातूरच्या एसटीत बसलो होतो आणि माझ्या पिशवीत गोल्फचे दोन कोरे चेंडू होते. त्याच दिवशी आमचा डाव ठरला होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला मेहुण्याशी खेळायचा असा ध्यास लागतो का? दाजींना लागला होता... आणि लावणारा मीच.

ताईच्या लग्नाच्या वेळी दाजी हैदराबादला एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते. शेठ गोल्फ खेळायचा, दाजी त्याच्या काठ्यांची पिशवी वाहायचे आणि वाहता वाहता खेळ शिकले. पुढे लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांना कागद नि टाचण्या लागू लागल्या, तसं दाजींनी इथं स्टेशनरीचं दुकान टाकलं. सामानात शेठनं दिलेल्या दोन जुन्या काठ्याही आल्या. त्यातच दुष्काळ पडला. गावाबाहेरचं तळं आटून सपाट झालं. सगळ्यांना तिथं भेगा दिसायच्या, दाजींना मैदान दिसलं! टँकरच्या रांगेत उभं राहून घागरी घरी पोचवायच्या आणि थेट तळं गाठायचं. वनस्पती तुपाचा रिकामा डबा मातीत पुरला की झालं भोक. लोक हसायचे, पण मला तर त्या खेळानं वेडच लावलं.

दाजी रोज इष्टलिंगाची पूजा करायचे, डाव्या तळहातावर लिंग आणि नजर अगदी स्थिर. खेळतानाही तेच, मला बजावायचे, "अरे बसू, डोळा हलला की पूजा बी गेली अन् फटका बी." चेंडू जिथं पडेल तिथूनच मारायचा, हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, आणि फटके ज्याचे त्यानंच मोजायचे. "पंच न्हाई ह्यात. कोन बघायलंय तुला? तूच." एकदा मी म्हणालो, पाऊस आला तर आपलं मैदान बुडेल. "बुडू दे की," दाजी म्हणाले, "मी त्याचाच नवस बोलायलोय."

आभाळ भरून आलं त्या सकाळी शेवटच्या भोकापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. मी आयुष्यात त्यांना कधी हरवलं नव्हतं. आणि माझा चेंडू नेमका म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला. दाजी पाठमोरे होते. मी पायाच्या अंगठ्यानं चेंडू हळूच वर काढला आणि एका फटक्याच्या फरकानं जिंकलो. दोन दिवसांत पाऊस आला, तळं भरलं. त्यानंतर दुकानात, लग्नात, दवाखान्यातसुद्धा दाजी कौतुकानं सांगायचे, "हा आमचा मेहुणा. मला हरवलेला एकटाच गडी." इतकी वर्षं ते ऐकताना मी मनातून शरमत राहिलो.

यंदा तळं पुन्हा आटलं. दाजींना बोलतानाही धाप लागायची. मग मात्र राहवेना, सांगून टाकलं. ते एकदम उठून बसले. डोळे असे चमकले की मीच दचकलो.

"चेंडू हलवला म्हंजे एक फटका वाढला. मंग बरोबरी झाली की रे! शेवटचं भोक पुन्ना खेळायचं. ह्या रविवारी."

"रागावला न्हाई तुम्ही?"

"राग कशाला? चेंडू पडला तिथूनच मारायचा असतंय."

रविवारी सकाळीच ते गेले. लिंगायत रीतीनं तळहातावर लिंग ठेवून त्यांना मातीत समाधी दिली. पंधरा दिवसांनी मी त्यांची काठी घेऊन एकटाच तळ्यात गेलो. चेंडू पुन्हा खुरात पडला! मी आनंदानं ओरडलोच. तिथून बाहेर काढायलाच तीन फटके गेले.

दाजींच्या घरी आलो तर ताई दारात होती. "किती लागले?"

"सात."

"संगं कोन होतं?"

"कोनीच न्हवतं."

"मंग सातच असतील," ताई म्हणाली आणि माझ्या हातातली काठी घेऊन तिनं दारामागं तिच्या जागी ठेवली.