राखणदाराचा फेरा

आमचं खाचर महामार्गाखाली गेलं तेव्हा गावात पैसा आला, आणि पैशापाठोपाठ अक्कल गेली. माझ्या चुलतभावाने पांढरी मोटार घेतली आणि ती लावायला जागा नाही म्हणून गोठा पाडला. एका घरच्या हळदीला डीजेच्या दोन गाड्या आल्या. नव्याचे नऊ दिवस, असं मी तोंडावर बोलायचे, त्यामुळे मला हळदीची आमंत्रणं येणं बंद झालं.

मी शहापुरात एका कर-सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. आय मी शाळेत असतानाच गेली, भावंड कुणी नाही. शेणव्याजवळच्या त्या जमिनीचा मोबदला आला तसा बाबांनी तो सगळा माझ्या नावावर केला आणि म्हणाले, काय पेरायचं ते तूच पेर. मी डीमॅट खातं उघडलं आणि ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे फंड, घेतले. थोडा पैसा बँकांच्या फंडात, थोडा औषध कंपन्यांच्या, थोडा सगळ्या बाजाराच्या, आणि निम्म्याहून जास्त सोन्याच्या. बाबांना हे समजावायला मला अजिबात कष्ट पडले नाहीत. खाचरात भात, माळावर नाचणी, वरकस तुकड्यावर वरी. एक बुडालं तर दुसरं हात देतं, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं.

अडलं ते सोन्यापाशी. दाखव म्हणाले. मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून आकडे पाहिले आणि सोनं कुठाय विचारलं. मी सांगितलं की खरं सोनं मोठ्या तिजोरीत असतं, आपल्या नावावर त्याचा हिस्सा असतो.

"कोण राखतं त्याला?"

पहारा असतो, मी म्हटलं.

"आन राखणाऱ्याला काय देतात?"

मी सांगितलं की सांभाळण्याचा खर्च म्हणून दरवर्षी आपल्यातला थोडासा हिस्सा आपोआप कापला जातो. मला वाटलं होतं की आता चिडतील. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग बराबर हाय, म्हणाले, राखण द्यायलाच लागते. त्या दिवसापासून ईटीएफवर त्यांचा विश्वास बसला. माझ्या साहेबांना हे सांगितलं तर ते हसले, मला मात्र हसू आलं नाही.

कारण आमच्या खाचरालाही राखणदार होता. बांधाच्या कोपऱ्यात ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला गुडघाभर दगड. कापणी झाली की झोडणीच्या आधी त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, ती राखण. तिन्हीसांजेला तो काठी टेकत बांधावरून फेरा मारतो असं आमच्याकडे मानतात. मानतात म्हणजे काय, ऐकतात. लहानपणी गवताचा भारा घेऊन परतताना मीही ऐकली होती ती काठी. टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक, थोडी पुढे. मागे वळून बघायचं नाही एवढंच आय सांगायची.

महामार्गाची यंत्रं आली त्या दिवशी मी बाबांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहापूरला आणलं होतं. परत गेलो तर ऐन नव्हता, दगड नव्हता, बांधही नव्हता. सगळ्यावर मुरमाचा भराव. बाबा हिरव्या पट्टीखालून बघत उभे राहिले आणि विचारलं, "त्याला कोणी सांगितलं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

पुढे तिन्हीसांज झाली की बाबा बोलता बोलता थांबायचे आणि कान द्यायचे. मी म्हणायचे, ट्रक आहेत. ते मान हलवायचे. एकदा त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "जमिनीचा पैसा झाला, पैसा तुझ्या नावावर. आता तो तुझ्यापाठी येल गो. त्याला बसवला पायजे."

म्हणून त्यांना मुरबाडच्या बाजूला, माझ्या आजोळाकडे, हातभर जमीन हवी होती. तिथे नवा दगड मांडायचा, राखणदाराला बसवायचं, म्हणजे मी मोकळी. मी दर रविवारी जीपमध्ये कोंबून घेऊन मुरबाडला गेले. हातभर शेतजमीन कुणी विकत नव्हतं. विकायला होते ते कंपाउंडवाले प्लॉट, ज्यांच्या पाटीवर पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. एकाने विचारलं, बंगला केवढा बांधणार? एक दगड बसवायचाय, मी म्हटलं. त्याने जरा विचार करून सांगितलं की मंदिराला लागून एक प्लॉट आहे, पण रेट जास्त पडेल.

तोवर बाबांची छाती भरू लागली. दोन बारीक खोकले आणि मग एक लांब, घशातून ओढलेला. जमीन होणार नाही हे त्यांना माझ्या आधी कळलं.

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत त्यांनी अंगणात हातभर जागा शेणाने सारवली. सुपात शेजारच्यांचं नवं भात घेतलं, त्यावर माझा मोबाईल ठेवायला लावला आणि सोनं उघड म्हणाले. मी वैतागले होते. स्क्रीन सारखी विझत होती आणि ते सारखे म्हणत होते, जागव त्याला. मग त्यांनी अंगठा कुंकवात बुडवून काचेवर टेकवला आणि चुकून विक्रीचं पान उघडलं गेलं. मी झडप घालून मोबाईल उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. त्यांनी नारळ फोडला आणि हात जोडले.

"देवा, ह्या तुझा शेत. बांध दिसत नाय, पन हाय. पोर एकटी हाय, तिला भिववू नको. मी येतोच मागून. तवर तू राख."

होळीच्या आधी बाबा गेले.

मी शहापुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. बाबांचं दिवसकार्य उरकून परत आले आणि पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक, स्वयंपाकघराच्या बाजूला. भिंतीपलीकडे मोकळी हवा आहे, पाय ठेवायला जागा नाही. मी प्लंबर आणला. त्याने पाइप ठोकून पाहिले आणि काही नाही म्हणून पैसे घेऊन गेला. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. टीव्ही मोठा लावायचे, दिवे सगळे पेटते ठेवायचे.

शेवटी ठरवलं, सोनं विकून टाकायचं. भावही चांगलाच चढला होता. विकलं की शेतच उरणार नाही, मग तो फिरेल कशाभोवती? स्वतःच्या फ्लॅटसाठी भरायला पैसेही होतील. सकाळी बाजार उघडला की विकायचं असं ठरवून संध्याकाळी चहा टाकला, आणि काठी आली. नेहमीसारखी, टक. आणि तिच्या थोडं मागे दोन बारीक खोकले आणि एक लांब.

चहा उतू गेला तरी मी ओट्यापाशी उभी होते.

सकाळी मी विकलं नाही. त्यानंतरही नाही. ऑफिसात सगळे सांगतात, एवढा भाव पुन्हा मिळायचा नाही, मूर्ख आहेस. मी बघू म्हणते. आता तिन्हीसांजेला टीव्ही लावत नाही. पुढे काठी जाते, मागून बाबा जातात, स्वयंपाकघराकडून बाल्कनीकडे.

गेले काही दिवस खोकला वाढलाय. आज मी खिडकीच्या कठड्यावर पेलाभर गरम पाणी ठेवलंय.